मागच्या खोलीचं दुखणं

भोगाच्या निखाऱ्यावर बाबुलालची बोटं टेकली, आणि त्यानं हात मागे घेतला नाही.

सगळा तांडा आपल्या प्रमुखाच्या, नायकाच्या, अंगणात जमला होता. मातीच्या पाटीत चुलीतले रसरसलेले निखारे काढले होते. त्यांवर तूप आणि गोड शिऱ्याचा घास सोडायचा, ज्वाळ उठली की सेवाभायापर्यंत, सेवालाल महाराजांपर्यंत, पोचलं असं समजायचं. तांड्याचा भोग लावण्याचा मान बाबुलालच्या घराण्याचा. यंदाही त्यानं घास सोडला. ज्वाळ उठली, आणि खाली वाकताना त्याची दोन बोटं सरळ निखाऱ्यांत गेली. तो तसाच हात ठेवून 'जय सेवालाल' म्हणाला.

"पाह्यलं का, पाह्यलं का!" नायकाची म्हातारी आई रुपीबाई दोन्ही हात जोडून म्हणाली. "विस्तव फुलासारखा झाला पोराच्या हाताले!"

बायका पाया पडायला पुढं आल्या. बाबुलालची बायको भुरीबाई मात्र जागची हलली नाही. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं होतं. त्या तोंडावर भक्ती होती, पण त्याहून जास्त गोंधळ होता. आपण विस्तवाला शिवलो हे त्याला बायकांचा गलका ऐकून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बोटांना करवंदाएवढे फोड आले. विहिरीवर रुपीबाईनं ते पाहिले. "दुखते का रे?" तिनं विचारलं.

"नाई वं याडी," बाबुलाल आईशी बोलावं तसं हसून म्हणाला. "काहीच नाई दुखत."

रुपीबाईच्या हातातली कळशी तिथंच राहिली. तिचा पाठचा भाऊ असाच होता. आधी बोटं बधिर, मग जखमा, मग नाल्यापलीकडची झोपडी. तिथं तो एकटाच गेला, आणि त्याला शेवटचं पाणी पाजायलाही कोणी नव्हतं. म्हातारी वाईट नव्हती, पण त्या झोपडीचं भेव तिच्या हाडांत बसलं होतं. दिवस मावळायच्या आत तांड्यात एकच शब्द फिरला. महारोग.

आणि तो फिरायला जागाही होती. बाबुलालची चाल महिनाभरात बदलली होती. पायाचा पुढचा भाग उचलायचाच नाही. पाऊल पडलं की फटकन आवाज यायचा, सपाट जमिनीवर तो ठेचाळायचा. पायातली चप्पल वाटेत निघून पडायची आणि हा अनवाणीच पुढं जायचा. सदऱ्याची बटणं भुरीबाईला लावून द्यावी लागत.

नायक किसनसिंग शांत माणूस. त्यानं बाबुलालला अंगणाच्या कडेला उभं राहूनच सांगितलं, "येत्या अमावस्येले पंचायची नसाब बसन. पंच म्हणतात, झोपडी नीट करून ठेवा. मले बी हे बोलाले बरं नाई वाटत, बाबु. पण लेकराबाळायचा तांडा हाय."

"अमावस्येपर्यंत तं हाय ना?" दारातून भुरीबाई म्हणाली. तिनं ओढणी पुढं ओढून घेतली होती, पण आवाज अजिबात दबलेला नव्हता.

"तवरोक हाय."

"मंग झालं. यायले महारोग नाई. तुमी बसवा नसाब."

किसनसिंग गेल्यावर बाबुलाल तिच्यावर चिडला. "तू काय डाक्टरीण हायस का? एवढ्या जोरात कशी सांगतं?"

"तुमच्या ताटात जेवते मी. तुमच्या गोधडीत झोपते. एवढ्या वर्सात मले काही झालं?"

"ते उशिरानं बी होते म्हणतात."

"म्हणू द्या. चुलीपाशी सरका, बोटाले खोबरेल लावू द्या."

भुरीबाईचा रोजचा एक नेम होता. पहाटे आंघोळ करून मरियामायपुढं दिवा लावल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नसे. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं हा नेम धरला, तो ताप असो की पीठ संपलेलं असो, मोडला नव्हता. त्या दिव्यापुढं ती मागणं फारसं मागत नसे. दिवसाचं काम मनात लावून घेत असे. दुसऱ्या दिवशी दिव्यापुढं बसल्यावर तिच्या मनात आलं, घरात मी धडधाकट, फुलसावंगीला शेतात राबून आठवड्याला घरी येणारा लेक प्रेमसिंग धडधाकट. मग हे आलं कुठून? घरातून नाही, तर मग कामावरून. आजवर तिनं नवऱ्याचं काम पाहिलंच नव्हतं. ती उठली, पाणी प्यायली, आणि भाकरी बांधून पुसदला निघाली.

पुसदच्या कडेला, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून, बाबुलाल जिथं कामाला जाई तो भगवानरावांचा रबरी चपलांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाचं लांब छप्पर, पुढं मोकळा ओटा, मागं एक खोली. कातडं नाही म्हणून तिथं सगळ्या जातींचे लोक कामाला येत, आणि कातडं नाही म्हणूनच त्या चपला खपत. "देवळाच्या पायरीपर्यंत घालून जा, आजीबाई, गाय नाही की म्हैस नाही यात!" असं भगवानराव बाजारात ओरडून विकत.

ओट्यावर पाच-सहा जण रबराचे तळवे कापत बसले होते. त्यांत पांढऱ्या लुगड्यातली एक बाई होती. भुरीबाईला पाहून ती उठली.

"जयभीम बाई. कोण पाह्यजे?"

"रामराम. मी बाबुलालच्या घरची. ते येत नाई सध्या, ते सांगाले आली."

बाईचा चेहरा उतरला. तिचं नाव कांताबाई. तिचा नवरा उकंडा मागच्या खोलीत बाबुलालच्या जोडीला बसत असे. "काय झालं बाबुभाऊले?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता मागं वळून एकदा खोलीच्या दाराकडं पाहिलं.

"ते बसतात ते ठिकाण मले पाहू द्या," भुरीबाई म्हणाली.

दार उघडलं तसा आतून एक गोडसर, उग्र भपका आला. रॉकेलसारखा, पण रॉकेल नव्हे. खोलीला एकच खिडकी, आणि ती गोणपाटानं ठासून बंद केलेली. दाराच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबलेल्या. आत चिमणीच्या उजेडापासून लांब, कोपऱ्यात, उकंडा दोन्ही पाय पसरून बसला होता. समोर सुलेशनाचा डबा. सायकलचं पंक्चर काढताना लावतात तेच सुलेशन, फक्त इथं डबेच्या डबे. तो बोटांनीच ते रबराच्या तळव्यावर पसरवत होता. एका थरावर दुसरा थर दाबायचा, मध्ये पट्टा घालायचा. हात चिकट झाले की बाजूच्या पातळात, म्हणजे सुलेशन पातळ करायच्या तेलात, बुडवून पुसायचे. त्या पातळाचा वास तर डोळ्यांत पाणी आणणारा.

"रामराम वहिनी. दार लावून घ्या लवकर," उकंडा म्हणाला. "रुई येते."

"कोन्ती रुई?"

"जिनिंग चालू हाय ना बाजूची. दिवाळीपासून दिवसभर रुईचे पुंजके उडतात. ओल्या सुलेशनावर चिकटले की तळवा फुकट. म्हणून बंद करून बसतो आमी. बाबुभाऊनंच युक्ती काढली."

भुरीबाई दार लावून आतच बसली. भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन ती नवऱ्याच्या जागेवर बसली आणि उकंडाला कामाचं विचारत राहिली. थोड्या वेळानं तिचं डोकं हलकं झालं, ओठांभोवती मुंग्या आल्यासारखं वाटलं. उगाच हसू यायला लागलं. दिवाळीपासून नवरा घरी आला की असाच उगाच हसतो आणि मग न जेवता झोपतो, हे तिला आठवलं. तिनं दार लोटून उघडलं.

"अवो, रुई!"

"येऊ दे रुई. उकंडाभाऊ, उठून दाखवा बरं."

उकंडा डब्यातलं सुलेशन ढवळत राहिला.

"उठा. मी परकी नाई."

तो भिंतीला धरून उठला. दोन पावलं टाकली. फट्. फट्. भुरीबाईनं डोळे मिटून घेतले. आवाजावरून तिला बाबुलालच अंगणातून येतोय असं वाटलं.

"हात?"

उकंडानं बधिर बोटं मुठीत मिटली. मग खाली बसत हळूच म्हणाला, "वहिनी, कोनाले सांगू नका. म्या माह्या बायकोले बी नाई सांगितलं. आमी दोघं एकाच माठाचं पाणी पेतो. बाबुभाऊनंच पह्यल्या दिवशी मले म्हटलं होतं, या माठातून पे, येथं भेद नाई. अन् मले वाटते, माह्याच आंगातलं त्यायले लागलं. मी रोज घरून ठरवून येतो का आज त्यायले सांगीन, अन् सांगत नाई."

"येडे झाले का तुमी? ते घरी बसून म्हणतात, उकंडाले माह्यामुळे तं नाई होणार?"

दारात कांताबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, रागावली. "वा रे वा! माह्यापासून लपवते? अन् मी रोज पाहून राह्यली ना, चप्पल गल्लीत राहते अन् माणूस घरात येते! मले काय डोये नाई?"

"तं बोलली काहून नाई मंग?"

"भेव वाटलं. पुनवेले विहारात वंदनेले बसू देतीन का नाई, याचं भेव वाटलं."

मग भुरीबाईनं विचारलं, "कांताबाई, ओट्यावरच्या कोनाले हाय का असं?"

"नाई. एकाले बी नाई."

"माठ तं सगळ्यायचा एकच हाय ना?"

"एकच."

भुरीबाई उठली. तिनं खिडकीतलं गोणपाट दोन्ही हातांनी ओढून काढलं. ऊन आत आलं आणि त्याबरोबर रुईचे पांढरे पुंजके. तेवढ्यात भगवानराव धावत आले. "अहो बाई, काय करता! माल परत येतो माझा!"

"माल परत येते भाऊ, माणूस कसा आणसान?"

"म्हणजे?"

तिनं सगळं सांगितलं. भगवानराव एकदा उकंडाच्या पायांकडं, एकदा खिडकीकडं पाहत राहिले. "मी कितीदा आत येऊन बसलो असेन," ते पुटपुटले, "आणि डोकं धरून बाहेर पडलो. मला वाटायचं, मला सवय नाही म्हणून." त्या दिवशी त्यांनी खोलीचं काम थांबवलं. मनापासून थांबवलं की घाबरून, हे विचारायला भुरीबाई थांबली नाही. तिला अमावस्येच्या आत एक काम उरकायचं होतं.

ती थेट किसनसिंगाच्या अंगणात गेली. "नायक, बाजाराच्या दिवशी सरकारी दवाखान्यात महारोगाचे डाक्टर येतात. आमी बैलबंडीनं जातो. तुमी संग चला."

"मी कायले?"

"मी येऊन सांगन, तं तुमाले वाटन नवऱ्यासाठी बोलते. तुमच्या कानानं ऐका."

रुपीबाई आतून ओरडली, "नको जाऊ रे त्या बंडीत!"

"याडी, तुमी बी चला," भुरीबाई नरमाईनं म्हणाली. "बसाले जागा हाय."

म्हातारी आली नाही. किसनसिंग मात्र आला. बंडीत तो पुढं बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याजवळ बसला, बाबुलाल मागं. मधली जागा रिकामी ठेवून बैल चालले. दवाखान्यात उकंडा आणि कांताबाई आधीच आले होते. कांताबाईच्या पिशवीत फडक्यात बांधलेला एक लहान डबा होता.

डॉक्टर तरुण, चष्म्याचे, घाईत असल्यासारखे दिसणारे, पण हात मात्र सावकाश चालणारे. त्यांनी बाबुलालला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकानं अंगभर शिवून पाहिलं, मग टाचणीनं. पाठ, छाती, कान, कपाळ, सगळं उजेडात पाहिलं. कोपराच्या मागची शीर बोटांनी चाचपली, गुडघ्याच्या बाजूची चाचपली. मग उकंडाचं तसंच. किसनसिंग भिंतीला टेकून सगळं पाहत होता.

"चट्टा कुठंच नाही," डॉक्टर म्हणाले. "शिरा जाड नाहीत. महारोगात बधिरपणा इथं थोडा, तिथं थोडा असतो. तुम्हा दोघांचा मोजे घातल्यासारखा, दोन्ही पायांना सारखा चढलाय. आणि दोघांचा एकसारखा. लाखोळीची डाळ खाता का रोज?"

"नाई जी. ज्वारी अन् तूर," बाबुलाल म्हणाला.

"लाखोळीत पाय ताठतात. तुमचे ढिले पडलेत. तेही नाही." त्यांनी चष्मा काढला. "दोघं कुठं एकत्र असता?"

कांताबाईनं डबा पुढं केला. डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि झटकन परत लावलं. "हे? कुठं?"

"कोंडलेल्या खोलीत," भुरीबाई म्हणाली. "दिवाळीपासून खिडकी बंद. बोटानं लावतात, अन् पातळात हात धुतात."

"कितीक वेळ बसता?"

"दिवसभर," उकंडा म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. मग किसनसिंगाकडं वळून म्हणाले, "तुम्ही नायक ना? हा महारोग नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. यातून उडून जाणारं जे तेल असतं, त्याची वाफ आणि ते अंगाला लागणं, यानं हातापायांच्या शिरा मार खातात, असं मी वाचलंय. स्वतः पाहतोय मात्र पहिल्यांदा. त्या खोलीत परत जायचं नाही. मग बरं व्हायला लागेल. पण एक सांगून ठेवतो. काम बंद केलं तरी काही आठवडे दुखणं आणखी वाढेल. चालणं याहून बिघडेल. तेव्हा घाबरायचं नाही. नंतर उतरेल, सावकाश."

परतताना किसनसिंग पुन्हा पुढंच बसला. मात्र वाटेत त्यानं मागं वळून बाबुलालला तंबाखूची चंची दिली, आणि बाबुलालनं चिमूट घेतल्यावर ती परत आपल्या खिशात ठेवली.

अमावस्येला दुपारी नसाब बसली. चिंचेखाली घोंगड्या, मध्ये मोकळी जागा, एका कडेला बाबुलाल एकटा. बायका ओसरीत. महारोग नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं किसनसिंगानं सांगितलं. पंचांची तोंडं सैल झाली. मग त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "डाक्टर म्हणते, आता आराम पडन. मंग पुढच्या भोगापर्यंत पाहू. आराम पडला, तं राहीन. नाई, तं झोपडी."

हे ऐकायला बरं होतं. तांड्याला सोपं, कोणाचा अपमान नाही. बाबुलालनं मान डोलावलीसुद्धा. दुखणं आधी वाढेल, हे डॉक्टरांचं शेवटचं बोलणं किसनसिंग सांगायचं विसरला होता, की त्यानं मुद्दाम मागं ठेवलं होतं, कोण जाणे. ओसरीत बसलेल्या भुरीबाईला कळत होतं, की आता गप्प राहिलं तर आजचा दिवस जिंकला. तिनं सकाळच्या दिव्याची आठवण काढली नाही, कसलं मागणंही मागितलं नाही. ती उठून चिंचेखाली आली.

"सेवाभायाची आण घेऊन बोलते, म्हणून सगळं बोलते. डाक्टरनं सांगितलं, आधी वाढन. ते आणखी लंगडतीन. कदाचित हात बी उचलणार नाई. तुमी पाहसान अन् म्हणसान, भुरी खोटं बोलली. म्हणून आताच सांगते. वाढलं तरी तो महारोग नाई, अन् वाढलं तरी मी यायले झोपडीत जाऊ देणार नाई. यायले धाडाचं असन तं आजच धाडा, संग मी जाते. पण पुढच्या भोगाले पाह्यचं असं ठेवू नका. रोज माणूस पायाकडे पाहत बसते, ते मले चालत नाई."

"बाईनं नसाबीत येऊन असं बोलाचं नसते," एक पंच कुरकुरला.

"मंग कोन बोलन? उकंडाच्या बायकोनं बी आपल्या वस्तीत हेच सांगितलं."

ओसरीतून रुपीबाईचा आवाज आला. "अन् पोरी, वाढत वाढत बोटंच गळाली तं?"

"तं याडी, मी माह्या हातानं भरवीन. अन् तुमी रोज येऊन पाहजा. माह्या चुलीपाशी बसजा. झोपडीत कोणी जात नाई ना पाहाले, म्हणून तुमाले भेव वाटते. माह्या घरी या."

म्हातारीनं नाल्याकडं पाहिलं. तिच्या भावाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

किसनसिंगानं पागोटं सारखं केलं. "मी दवाखान्यात होतो," तो म्हणाला. "ही खरं सांगते. वाढन, असंच म्हणे डाक्टर. मी बोललो नाई, कारण मले वाटलं तुमी भेसान. मी नायक असून भेलो, ही भेली नाई." तो पंचांकडं वळला. "बाबु तांड्यातच राहीन. पुढच्या भोगापर्यंत नाई, राहीनच. वाढलं तं वाढलं. ज्याले कबूल नाई त्यानं आता बोला."

पंचांनी माना डोलावल्या. कुरकुरणाऱ्या पंचानं घोंगडीवरची काडी उचलून लांब टाकली.

निकाल झाला की ज्याचा निवाडा त्यानं उठून नसाबीला रामराम करायचा. बाबुलाल उठायला गेला. हात टेकले, गुडघा उभा केला, आणि पाऊल दुमडून परत बसला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. त्याचं तोंड लाल झालं. भुरीबाई पुढं सरकली आणि थांबली. तिनं हात ओढणीत गुंडाळून घेतले.

मग तो कुरकुरणाराच उठला. "बसून काय राह्यला रे, बाप्पा, आमाले कामं नाई का?" म्हणत त्यानं बाबुलालच्या एका काखेत हात घातला. दुसऱ्या काखेत किसनसिंगानं घातला. दोघांनी त्याला उचलून उभा केला, आणि तो सरळ होईपर्यंत धरून राहिले.